दिवस एक, सामने तीन: बुकिंगआधी हे वाचा

आमच्या सहलींच्या ऑफिसात येणारे खेळवेडे ग्राहक हल्ली हातात कागद घेऊनच येतात. सकाळी टेनिस, दुपारी फुटबॉल, रात्री क्रिकेट. तिन्हींच्या वेळा नेटवरून नीट काढलेल्या, एकही दुसरीवर आदळत नाही. बेत झकास. आम्ही फक्त लाल पेन घेतो आणि त्या तीन ओळींच्या मधल्या दोन रिकाम्या जागा भरतो. बहुतेक वेळा तिसरा सामना तिथेच गळतो.

पुण्याजवळ गहुंज्याच्या स्टेडियमवर सामना पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. १९ ऑक्टोबर २०२३ ला विराट कोहलीने बांगलादेशविरुद्ध षटकार मारून शतकही पुरं केलं आणि सामनाही संपवला. टीव्हीवर पाहणारे पाच मिनिटांत जेवायला बसले. मैदानावरचे घरी कधी पोहोचले ते ज्याचं त्याला ठाऊक.

आमचा हिशेब साधा आहे. सामना संपल्यापासून रस्त्यावर येईपर्यंत अर्धा तास. पुढच्या मैदानाच्या फाटकावर रांग, झडती, मग जिना चढून खुर्ची सापडेपर्यंत पाऊण तास. म्हणजे दोन मैदानं भिंतीला भिंत लागून असली तरी सव्वा तास गेलाच. प्रवास यात धरलेला नाही.

घड्याळाचे खेळ आणि बिनघड्याळाचे

फुटबॉल मध्यंतरासकट दोन तासांत आटोपतं. हॉकीचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग. कबड्डीचे वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, आणि प्रो कबड्डीत एका संध्याकाळी एकाच तिकिटात दोन-तीन सामने होतात, तेही खुर्ची न सोडता. स्वस्तात हौस भागवायची असेल तर याहून सोपा मार्ग नाही. टी-ट्वेन्टीला साडेतीन तास धरा, पाऊस वेगळा.

बेसबॉलला वेळेची मर्यादा नाही. २०२३ पासून अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावलं, तेव्हापासून सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आला, पण बरोबरी झाली की खेळ पुढे चालूच राहतो. टेनिसचं तर विचारूच नका. २०१० साली विम्बल्डनला इस्नर आणि माहूचा सामना तीन दिवस रेंगाळला. अकरा तास पाच मिनिटं, शेवटचा सेट ७०-६८. आता चारही मोठ्या स्पर्धांत शेवटच्या सेटला ६-६ अशी बरोबरी झाली की दहा गुणांचा निर्णायक टायब्रेक आहे, तरी जानेवारी २०२३ मध्ये मेलबर्नला मरे-कोकिनाकिस सामना संपला तेव्हा पहाटेचे चार वाजून गेले होते.

म्हणून घड्याळाचा खेळ आधी, बिनघड्याळाचा शेवटी. याला एकच अपवाद आहे: टेनिसचा ग्राउंड पास. मोठ्या स्पर्धांत हा पास घेतला की बाहेरच्या कोर्टांवर हवं तिथे बसा, हवं तेव्हा उठा. तुम्ही एका सामन्याला बांधलेले नसता. दिवसाची सुरुवात याने करावी असं आमचं ठाम मत आहे.

कुठे जमतं, कुठे नाही

आधी शहर निवडा, सामने मागाहून. मैदानं जिथे चालत जाण्याइतकी जवळ आहेत तिथेच हा खेळ खेळावा.

मेलबर्न यात पहिलं. ऑस्ट्रेलियन ओपनचा मेलबर्न पार्क आणि क्रिकेटचं एमसीजी यांच्यात फक्त रेल्वेचे रूळ आहेत आणि त्यावरून पादचारी पूल. टेनिसच्या दुसऱ्या बाजूला रस्ता ओलांडला की फुटबॉलचं आमी पार्क. जानेवारीत तिथे बिग बॅश ही टी-ट्वेन्टी क्रिकेट लीग आणि फुटबॉल लीग दोन्ही चालू असतात. सकाळी अकराला ग्राउंड पासावर आत शिरायचं, चार-साडेचारला बाहेर पडून काहीतरी पोटात ढकलायचं आणि संध्याकाळी एमसीजी किंवा आमी पार्क गाठायचं. ‘किंवा’ मुद्दाम लिहिलं आहे. संध्याकाळी दोन्हीकडे सामने असतील तर एकच घ्या. अर्धा हा, अर्धा तो, अशाने एकही पदरात पडत नाही. ऊन मात्र नागपूरचं समजून टोपी बरोबर ठेवा.

न्यूयॉर्कला सात नंबरच्या मेट्रोचं मेट्स-विलेट्स पॉइंट स्टेशन लक्षात ठेवा. एका अंगाला बेसबॉलचं सिटी फील्ड, दुसऱ्या अंगाला यूएस ओपनची टेनिस कोर्टं. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला स्पर्धा असते. त्यात मेट्स संघ घरच्या मैदानावर असला तर दिवसा टेनिस, रात्री बेसबॉल, आणि मध्ये टॅक्सीला एक डॉलर नाही.

लंडनचं गणित वेगळं. जुलैच्या सुरुवातीला तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. सकाळी विम्बल्डन आणि संध्याकाळी ओव्हल या क्रिकेट मैदानावर काउंटीचा टी-ट्वेन्टी सामना असेल तर बेत जमतो. साउथफील्ड्स स्टेशनहून व्हिक्टोरिया, तिथून व्हॉक्सॉल, मग पायी. पाऊण ते एक तास धरा. फुटबॉलच्या मोसमात शनिवारी साडेबारा, तीन आणि साडेपाच अशा वेळा दिसतात आणि लोक तिन्ही मांडून बसतात. साडेबाराचा आणि साडेपाचचा घ्या, तीनचा सोडा. आणि मुख्य म्हणजे जूनमध्ये वेळापत्रक जाहीर झालं म्हणून विमानाचं तिकीट काढू नका. टीव्हीवाल्यांच्या सोयीने शनिवारचा सामना रविवारी किंवा सोमवारी ढकलला जातो, अनेकदा मोसम सुरू झाल्यावरही.

आधी मुंबईत रंगीत तालीम

परदेशी एवढे पैसे घालण्याआधी एक रविवार मुंबईत घालवा, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. आदल्या रात्री मुक्कामाला जा. सकाळी ओव्हल, क्रॉस किंवा आझाद मैदान. तिकीट नाही, रांग नाही, एकाच वेळी इतके सामने की एकाचा सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीजवळ उभा. याच आझाद मैदानावर १९८८ साली शाळकरी तेंडुलकर-कांबळींनी ६६४ धावांची भागीदारी केली होती. दुपारी महालक्ष्मीला घोड्यांच्या शर्यती असल्या तर चर्चगेटहून स्लो लोकलने पाचवं स्टेशन. आयपीएलचे दिवस असतील तर रात्री साडेसातला वानखेडे, पुन्हा चर्चगेटलाच.

यात आमचीच एकदा फजिती झाली, ती सांगतो. चौदा जणांना घेऊन चर्चगेटला गाडीत बसलो. रुळांच्या दुरुस्तीसाठी रविवारचा ब्लॉक आहे हे वर्तमानपत्रात आदल्या दिवशी छापून आलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. स्लो गाडी फास्ट मार्गावरून वळवलेली. धोबीघाट डोळ्यांसमोरून मागे गेला आणि आम्ही थेट दादरला उतरलो. पहिल्या दोन शर्यती बुडाल्या. तेव्हापासून रविवारच्या सहलीच्या कागदावर पहिली ओळ ब्लॉकची असते.

पुण्याला परतताना डेक्कन क्वीनचा विचार करू नका, ती सीएसएमटीहून संध्याकाळी ५:१० लाच सुटते. रात्रीच्या सामन्यानंतर दादरहून शिवनेरी बस, नाहीतर सरळ दुसरी रात्र मुंबईत.

उठता आलं पाहिजे

हे सगळ्यात अवघड, आणि याचं तिकीट आम्ही काढून देऊ शकत नाही. मेलबर्नला आमच्याबरोबर एक काका होते, निवृत्त बँकवाले. बाहेरच्या कोर्टावर पाचवा सेट चालू, घड्याळात साडेपाच, एमसीजीचे दिवे लागायला आलेले. काकांनी डायरी काढली आणि पासाच्या किमतीला मिनिटांनी भागायला घेतलं. काकू म्हणाल्या, “अहो, पैसे गेलेच आहेत. आता सामना ठेवायचा का संध्याकाळ, तेवढं बोला.” काका उठले. पुलावर असताना मागून टाळ्यांचा एकच कडकडाट झाला, ते वळले, थांबले आणि पुन्हा चालू लागले. रात्री त्यांनी पूर्ण सामना पाहिला, पहिल्या चेंडूपासून.

ज्यांना असं उठवत नाही त्यांनी दिवसाला एकच सामना घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. खरं सांगायचं तर आमच्यापैकी निम्मे जण तेच करतात.

तिकीट, फोन, पिशवी

तिकीट हल्ली फोनमध्ये असतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच स्टेडियमवर पॉवर बँक फाटकावरच काढून घेतात. तीन सामन्यांचा दिवस म्हणजे फोन रात्री आठला मान टाकणार. मधल्या वेळात जिथे खायला बसाल तिथे फोन आधी लावा, पदार्थ नंतर मागवा. परदेशात नेट मिळेलच असं धरू नका. तिकीट हॉटेलवर असतानाच फोनमध्ये उतरवून ठेवा.

पिशवीचे नियम मैदानागणिक बदलतात. अमेरिकेत त्यांच्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगला २०१३ पासून पारदर्शक पिशवीच लागते. पाठीवरची सॅक अनेक ठिकाणी चालत नाही. तिन्ही मैदानांत जे चालतं तेवढंच सकाळी घेऊन निघा. डब्यातली थालीपीठं हा आमच्या मंडळींचा जिव्हाळ्याचा विषय आहे, पण ती फाटकाबाहेरच संपवावी लागतात. बऱ्याच ठिकाणी एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत सोडत नाहीत, हेही विचारून घ्या.

काळ्या बाजारातलं तिकीट आम्ही घेत नाही, घ्यायला सांगत नाही. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. फाटकावर ते रद्द निघालं तर तुमच्याबरोबर आम्हीही बाहेर उभे.

आमच्याकडे येताना

तारखा पक्क्या नसल्या तरी चालतील, खेळ पक्का असू द्या. पासपोर्टची प्रत आणा, बरोबर येणाऱ्यांत गुडघेदुखीवाले कोण ते आधी सांगा, कारण स्वस्त तिकीट बहुधा वरच्या मजल्याचं असतं. आणि तुमचा तो कागदही आणा. लाल पेन आमच्याकडे आहे.