धरणाच्या पाण्याची मॉडेले: आधी तापमान, मग बाकीचे

धरणातून शहराला पाणी देणाऱ्याला रोज एकच गोष्ट ठरवायची असते: इनटेक टॉवरची (धरणातून पाणी उचलण्याच्या मनोऱ्याची) कोणत्या उंचीवरची झडप उघडायची. वरच्या थरात शैवाल, तळाच्या थरात प्राणवायू संपलेला आणि गाळातून सुटलेले मँगनीज. चुकीची झडप उघडली की नळाला काळपट पाणी येते. कोणत्या खोलीवर कसे पाणी असेल हे आधी कळावे म्हणून मॉडेले, म्हणजे जलाशयाचे गणिती नमुने, वापरतात.

पाण्याच्या गुणवत्तेचे गणित तसे जुने. १९२५ मध्ये स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी अमेरिकेतील ओहायो नदीसाठी समीकरण मांडले: सांडपाणी कुजताना किती प्राणवायू खर्च होतो आणि हवेतून किती परत मिसळतो. नदी वरपासून तळापर्यंत ढवळलेली असते, म्हणून तिथे हे चालले. खोल जलाशयात उन्हाळ्यात थर पडतात, वर ऊबदार हलके आणि खाली थंड जड पाणी, आणि हिशेब कोलमडतो.

म्हणून १९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठात हार्लेमन व ह्यूबर यांनी आणि कॅलिफोर्नियात ऑर्लोब यांनी आधी तापमानच हाती घेतले. जलाशयाचे आडवे काप करायचे आणि प्रत्येक कापाचा उष्णतेचा जमाखर्च मांडायचा. त्याच सुमारास संशोधक व्होलेनवायडर यांनी जलाशयात येणाऱ्या फॉस्फरसच्या (शैवालाच्या खाद्याच्या) भारावरून शैवालवाढीचा अंदाज बांधला. धोरण ठरवायला तो उपयोगी, पण त्यातून हंगामाची सरासरी मिळते, उद्याची झडप नाही.

स्थिर कापांत एक खोट होती. पाणी एका कापातून दुसऱ्यात जाताना गणितातच थोडे मिसळते आणि थरांमधली ठळक सीमा पुसट होते. यावरचा तोडगा १९७८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील वेलिंग्टन धरणावरून आला. कॉली नदीच्या खोऱ्यातले जंगल तोडून शेती झाली, भूजल वर चढले आणि मातीतले मीठ नदीत उतरू लागले. हिवाळी पावसाचे पहिले पाणी खारट, शिवाय थंड, म्हणजे जड. ते तळाने सरपटत भिंतीपर्यंत पोहोचते. तळाचे दार उघडून ते घालवायचे, पण वेळ साधायला हवी: लवकर बंद केले तर मीठ आत राहते, उशीर झाला तर गोडे पाणी वाया जाते. इंबर्गर, पॅटरसन आणि सहकाऱ्यांच्या ‘डायरेझम’ मॉडेलमध्ये काप स्थिर नव्हते. पाणी आले-गेले की थर वरखाली सरकत, जाड झाला की दुभंगत, पातळ झाला की शेजारच्यात विलीन होत. गणिती मिसळण टळली. (मॉडेल उत्तम, तरी मीठ काही हटले नाही; गावांचा पुरवठा पुढे नव्या हॅरिस धरणावर नेला.)

लांबट, अरुंद जलाशयांत मात्र प्रवाहाच्या दिशेनेही पाणी बदलते. त्यासाठी अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने १९८६ मध्ये ‘सीई-क्वाल-डब्ल्यू२’ हे मॉडेल आणले. लांबी आणि खोली धरते, रुंदीची सरासरी घेते. न्यूयॉर्कच्या अशोकन जलाशयात पुरासोबत येणाऱ्या मातीच्या गढूळपणासाठी तेच वापरले गेले. तिथे कणांचे आकारानुसार गट करावेच लागतात: १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण शांत पाण्यात दिवसाला सुमारे ८ मीटर बसतो, १ मायक्रॉनचा जेमतेम ८ सेंटिमीटर. सगळ्यांना एकच वेग दिला तर मॉडेलमध्ये पाणी निवळते, धरणात नाही.

ही मॉडेले मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशांत घडली, हे आपल्याकडे वापरताना ध्यानात ठेवावे लागते. ४ वरून ५ अंशांवर गेल्याने पाण्याच्या घनतेत जो फरक पडतो, त्याच्या तीसपटींहून अधिक फरक २५ वरून २६ वर जाताना पडतो. म्हणजे कोमट जलाशयात एखाद्या अंशाच्या फरकानेही थर टिकतो, आणि अर्ध्या अंशाने चुकणारा तापमापक मॉडेलला खोटा थर दाखवू शकतो.

सर्वांत जास्त घोळ वाऱ्याच्या नोंदींचा. वाऱ्यातून पाणी ढवळायला मिळणारी ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. हवामान केंद्र आडोशाला असेल आणि वेग २० टक्के कमी नोंदला गेला, तर ऊर्जा जवळपास निम्मी भरते. मग मॉडेलमधला थर फुटायला हवा तेव्हा फुटत नाही, आणि लोक मिश्रणाचे गुणांक (पाणी किती ढवळते हे मॉडेलला सांगणारे आकडे) बदलत बसतात.