तिरप्या उन्हातली जमीन

भर दुपारी वखरलेलं वावर पाटासारखं सपाट दिसतं. तेच वावर दिवस कलताना बांधावर बसून पाहा. ढेकळाढेकळाला सावली येते आणि पाणी कुठं साचणार हे बोटानं दाखवता येतं. प्रस्तरभंग म्हणजे कातळातली भेग, जिच्या दोन्ही बाजूंचा खडक सरकला की भूकंप होतो. उपग्रहाच्या चित्रात ती शोधणारा भूवैज्ञानिक अशीच सावली हुडकत असतो.

लातूर-धाराशिवकडे हा विषय नुसत्या कुतूहलाचा नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती बुडवून दमलेली माणसं माळवदाखाली झोपली होती. भूकंप 6.2 परिमाणाचा, पण उगम उथळ आणि घरं जाड दगडमातीच्या भिंतींची. एवढा हाहाकार होऊनही किल्लारीजवळ जमिनीवर उमटलेली खूण किरकोळ होती: तुटक, जेमतेम मीटरभर उंचीचे उंचवटे.

मग ही भेग आधी दिसली कशी नाही? एक तर वर 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं पांघरूण. भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतलं, तेव्हा 338 मीटर बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, ओलांडल्यावर कुठं त्याखालचे जुने थर लागले. त्या बेसाल्टवर काळी माती, आणि तिच्यावर दरसाल वखर फिरणार. शिवाय तेव्हाच्या भारतीय दूरसंवेदन उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका सुमारे 36 मीटर लांब-रुंद, म्हणजे जवळपास 13 गुंठ्यांचा. मीटरभराचा उंचवटा त्यात कुठं दिसणार?

म्हणून आडून पुरावे शोधतात. वळणं घेत आलेला ओढा एकाएकी सरळ धावू लागतो, भर उन्हाळ्यात एकाच रेषेत हिरवळ टिकते. पण सरळ रेष कालव्याचीही असते, जुन्या गाडीवाटेचीही, आणि बेसाल्टमध्ये भिंतीसारख्या घुसलेल्या खडकाचीही. काही नकाशांवरच्या रेषा तर मला जमिनीपेक्षा काढणाऱ्याच्या उत्साहातून आलेल्या वाटतात.

आता विमानातून लेझर किरण सोडून झाडोऱ्याखालच्या जमिनीचेही चढउतार मोजता येतात. त्या आकड्यांवर संगणक खोटा सूर्य टाकतो. मेख अशी की उजेड ज्या दिशेनं येतो, त्याच दिशेनं धावणाऱ्या उंचवट्याची सावलीच पडत नाही. सूर्य फिरवत राहावा लागतो. माउसनं अंश बदलत बसण्यात आणि हात फिरवताच उजेड फिरण्यात मोठा फरक आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात भूवैज्ञानिक भिंतींवर प्रतिमा उमटणाऱ्या खोलीत उभं राहून भूभाग पाहत. मान कलली की दृश्यही कलायचं. तिथंच वाळूची एक पेटीही तयार झाली. मूळ खेळांसाठी बनवलेला कॅमेरा वाळूची उंची मोजतो आणि प्रोजेक्टर तिच्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, टाकतो. वर तळहात धरला की वाळूवर पाऊस पडतो आणि पाणी उताराकडे धावतं. आपल्या शाळांमध्ये नकाशावाचन पाठ करून घेतात. तेरणेचं खोरं मुलांनी स्वतः वाळूत उकरलं तर समोच्च रेषा वेगळी शिकवावी लागणार नाही.

डोळ्यांना मुळीच न दिसणारी हालचाल रडार पकडतं. जुलै 2025 मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह दर 12 दिवसांनी त्याच वाटेवर परततो. दोन वेळच्या लहरी ताडून पाहिल्या की सेंटिमीटरभर सरकलेली जमीनही कळू शकते. त्याची सुमारे 24 सेंटिमीटरची लांब लहर पिकाच्या पानांत तुलनेनं कमी अडकते, तूर-सोयाबीनच्या मुलखात हे बरंच.

पण आपली काळी माती मोठी नाठाळ. पावसात फुगते, उन्हाळ्यात आवळते, पाऊल अडकेल अशा भेगा पडतात. ओल बदलली की रडारची लहरही बदलते. म्हणून इथं दोन चित्रांवर भागत नाही. पावसाळे-उन्हाळे मिळून कित्येक वर्षांची चित्रं एकमेकांवर ठेवावी लागतात, तेव्हा कुठं मातीचं फुगणं-आवळणं वेगळं काढून कातळाचं सरकणं पाहता येतं.