बारा वर्षांनी खुनाची फाईल कायमची बंद होते का?

‘गोळी झाडणारा बारा वर्षांत सापडला नाही, तर खुनाची फाईल कायमची बंद होते,’ असा मजकूर सांगली-साताऱ्याकडच्या गटांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. हे खरे नाही.

बारा हा आकडा बहुधा जमिनीच्या दाव्यांतून आला असावा. १९६३ च्या मुदत कायद्यात स्थावर मिळकतीच्या ताब्यासाठी तेवढी मुदत आहे, आणि कृष्णाकाठी ती बांधावरच्या माणसालाही तोंडपाठ असते, म्हणून हा गैरसमज स्वाभाविकच म्हणायला हवा. फौजदारी कायद्यात मात्र मुदतीचे बंधन फक्त तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे. खुनाला जन्मठेप किंवा फाशी असल्याने त्याला मुदतच नाही.

मग ‘फाईल बंद’ म्हणजे काय? गुन्हा खरा, पण आरोपी अज्ञात, अशा वेळी पोलीस न्यायालयात ‘अ’ समरी अहवाल पाठवतात. तो मंजूर झाला तरी नवा साक्षीदार पुढे आला, किंवा जप्त पुंगळीवरच्या (झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या आवरणावरच्या) खुणा पुढे एखाद्या पिस्तुलाशी जुळल्या, तर पुढील तपास करता येतो. म्हणूनच मृताचे जुने वैर, व्यवहार, येणेजाणे यांविषयी कुटुंबीयांनी उशिरा दिलेली माहितीही निरुपयोगी नसते.

पडताळणीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मधील कलम ५१४ आणि कलम १९३ चे पोटकलम ९ वाचावे. आपल्याच प्रकरणाची स्थिती पाहायची असल्यास फिर्यादीने गुन्हा क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करावी.