उंच लागणारी कॅप चावून चावून बसते का?

‘दातात सिमेंट भरल्यावर किंवा कॅप बसवल्यावर दात उंच लागला, तर चावत राहा, आपोआप बसेल’ हा सल्ला ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरतो. तो अगदीच निराधार नाही, कारण सिमेंट भरल्यानंतर थंड पाण्याने येणारी सणक बहुधा काही दिवसांत ओसरते. उंचीचे मात्र तसे नसते.

सिरॅमिक किंवा धातूची कॅप चार घास चावून झिजत नाही. उलट प्रत्येक घासाचा भार त्या एकाच दातावर येऊन मुळाभोवतीचा नाजूक पडदा दुखावतो. मुळात बधिर जबड्याला ही उंची नीट कळतच नाही, म्हणून ती अनेकदा घरी, वरणभात खाताना जाणवते.

खात्री करण्यासाठी बधिरपणा उतरल्यावर ताठ बसून दात हलकेच मिटावेत. एकच दात आधी टेकत असेल, तर डॉक्टर रंगीत कागद चाववून ठिपका उमटलेली जागा किंचित घासतात. हे काम बहुधा काही मिनिटांचे असते आणि त्यासाठी कॅप काढावी लागतेच असे नाही. उंची काढूनही ठणका राहिला, किंवा रात्री झोपमोड होऊ लागली, तर मात्र नस तपासून घ्यावी.