‘डॉन’मधला आगंतुक ‘न’

इंग्रजीत पहाट फुटण्याला ‘डॉन’ म्हणतात. देवनागरीत तो शब्द टोळीप्रमुख डॉनसारखाच दिसतो, त्याला इलाज नाही. खरी गुंतागुंत वेगळीच आहे: या शब्दातला ‘न’ आला कुठून?

जुन्या इंग्रजीत ‘डागिअन’ असं क्रियापद होतं, अर्थ ‘उजाडणे’. आपण ‘उजाडलं’ म्हणतो तेव्हा कोण उजाडलं असं कोणी विचारत नाही, तसंच तेही बहुधा कर्त्याशिवाय वापरलं जायचं. जर्मन आणि डच भाषांत त्याची भावंडं आजही आहेत. पुढे मधला ‘ग’ विरघळून ‘व’ झाला. ‘ओढणे’ या अर्थाच्या जुन्या ‘ड्रागन’चं ‘ड्रॉ’ झालं ते याच वाटेने. उरलं ‘डॉ’. स्कॉटलंडच्या बोलीत हे ‘न’ नसलेलं ‘डॉ’ बराच काळ टिकून होतं.

मग 1300च्या सुमारास ‘डॉइंग’च्या जागी ‘डॉनिंग’ दिसू लागतं. एका मताप्रमाणे हा ‘न’ समुद्रापलीकडून आला. उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या नॉर्स, म्हणजे स्कॅन्डिनेव्हियातून आलेल्या, लोकांच्या बोलीत पहाटेला ‘डागन’ म्हणत. डॅनिशमध्ये ‘डागनिंग’ आजही आहे. दुसरं मत म्हणतं, परदेशात जायची गरजच नाही. ‘ईव्हनिंग’ आणि ‘मॉर्निंग’ शेजारी असताना तिसऱ्यानेही तोच ‘निंग’ उचलला. कोशकार बहुतेक दोन्ही शक्यता नोंदवून मोकळे होतात. पण ज्या भाषेने ‘दे’ आणि ‘देम’सारखी सर्वनामंसुद्धा नॉर्सकडून घेतली, तिने पहाटेतलं एक अक्षर घेतलं तर नवल काय? पहिल्या मताचं पारडं त्यामुळेच जड वाटतं. अर्थात, एक कारण असलं की दुसरं बाद होतं असंही नाही.

गंमत पुढे आहे. ‘डॉनिंग’चं शेपूट कापून लोकांनी ‘डॉन’ हे क्रियापद बनवलं, तेही पंधरावं शतक संपता संपता. नाम त्याहून उशिरा, 1590च्या दशकात आलं. म्हणजे तिघांत सर्वांत धाकटं रूप आज सर्वांत मूळचं वाटतं. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये पहाटेसाठी ‘डेस्प्रिंग’ही भेटतो, तो आता जुनाट झाला.

अजून मागचं थोडक्यात. ‘डे’ आणि ‘डॉन’ एकाच मुळाचे. मात्र ‘डे’चा आपल्या ‘दिवसा’शी संबंध नाही, कितीही सारखे वाटले तरी. ‘दिवसा’चं नातं लॅटिन ‘दिएस’शी आहे. ‘डे’ची सोयरीक अनेक जण संस्कृत ‘दह्’ धातूशी, म्हणजे जळण्याशी जुळवतात, पण त्यावर एकमत नाही.

सतराव्या शतकापासून ‘डॉन’ कशाच्याही आरंभाला लावला जाऊ लागला. एखादी गोष्ट उशिरा लक्षात येण्याचा, आपल्याकडच्या ‘उजेड पडला’सारखा अर्थ मात्र एकोणिसाव्या शतकातला. 1941 साली दिल्लीत निघालेल्या आणि नंतर कराचीत गेलेल्या वर्तमानपत्राने हेच नाव घेतलं, तेही नव्या युगाच्या अर्थाने.

खगोलशास्त्राने शब्दाचे तीन तुकडे केले. सूर्य क्षितिजाखाली 18 अंशांवर आला की खगोलीय पहाट, 12 वर नाविक आणि 6 वर नागरी. जूनमध्ये लंडनला सूर्य मध्यरात्रीही 18 अंश खाली उतरत नाही, म्हणून तिथल्या तक्त्यात त्या दिवसांत खगोलीय पहाटेला वेळच दिलेली नसते.