काळे डाग छपाईचे नाहीत : बेआतुस-चित्रांच्या ग्राहकांसाठी

जगाच्या अंताची मध्ययुगीन चित्रं आमच्याकडून नेली की काही ग्राहकांचा आठवडाभरात फोन येतो : रंग बिघडलाय, बदलून द्या. फोन लावण्याआधी एवढं वाचावं, ही विनंती.

आम्ही छापतो ती सगळी चित्रं एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या हस्तलिखितांतली आहेत. उत्तर स्पेनच्या डोंगराळ लिएबाना भागात बेआतुस नावाचा मठवासी होता. बायबलचं शेवटचं पुस्तक म्हणजे प्रकटीकरण. त्यावर त्यानं इ.स. ७७६च्या सुमारास भाष्य लिहिलं. जगाची सहा हजार वर्षं ८०० साली भरतात आणि मग जगाचा अंत होतो, असा त्याचा हिशोब होता. ते साल आलं नि गेलं. भाष्याच्या प्रती मात्र पुढं चारशे वर्षं होतच राहिल्या. त्यांतल्या सुमारे पंचवीस सचित्र प्रती आज शिल्लक आहेत.

आता डागांबद्दल. पोर्तुगालमधल्या लोरवाओ मठाची ११८९ची प्रत सध्या लिस्बनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तिचे मुख्य रंग आपल्या ओळखीचे : हिंगूळ, शेंदूर आणि हरताळ. शेंदूर शिशापासून होतो, हरताळात गंधक आणि आर्सेनिक असतं. दोन्ही शेजारी आले की काळाच्या ओघात शिसं आणि गंधक एकत्र येतं आणि नारिंगी जागा काळवंडते. मूळ चर्मपत्रावर हे घडलेलं आहे, म्हणून आमच्या कागदावरही ते दिसतं. संगणकावर पुसणं सोपं आहे. आम्ही पुसत नाही, आणि कुणी सांगितलं तरी पुसणार नाही.

याच प्रतीतलं कापणीचं चित्र सर्वांत जास्त खपतं. विळा चालवणारे, द्राक्षं तुडवणारे लोक पाहून बरेच जण ते शेतीचं चित्र म्हणून जेवणघरात लावतात. खुशाल लावा, पण ती कापणी माणसांची आहे आणि घाणा देवाच्या क्रोधाचा. प्रकटीकरणाच्या चौदाव्या अध्यायात त्या घाण्यातून निघालेलं रक्त घोड्यांच्या लगामापर्यंत चढतं.

जगाचा नकाशा उलटा आलाय, ही दुसरी तक्रार. नकाशा सुलट आहे. त्यात पूर्व दिशा वर असते, कारण तिकडं स्वर्गीय बाग. नीट पाहिलं तर आदाम आणि हव्वा तिथं उभे दिसतील. म्हणजे उत्तर आपोआप डावीकडं जाते. उजव्या बाजूचा लाल पट्टा म्हणजे तांबडा समुद्र, आणि त्याच्या पलीकडं दाखवलाय आशिया, युरोप, आफ्रिका यांखेरीजचा चौथा, अज्ञात भूखंड. मधोमध दिसणारी उभी रेघ ही पानांची घडी आहे, कारण नकाशा समोरासमोरच्या दोन पानांवर काढलेला असतो.

सोनं कुठं आहे, असंही विचारतात. बहुतेक प्रतींत ते नाही, असलं तरी थोडंच. सगळी भिस्त रंगांच्या आडव्या पट्ट्यांवर आहे. १०४७मध्ये लेओनचा राजा फेर्नांदो आणि राणी सांचा यांच्यासाठी केलेल्या प्रतीतले प्रकटीकरणाचे चार घोडेस्वार पाहा. मागं ना डोंगर, ना आकाश, नुसते सपाट पट्टे. त्यामुळं नजर पळून जायला जागाच उरत नाही. आमच्या मते घरात एकच चित्र लावायचं असेल तर हे लावावं.

चित्रकारांची नावं काही वेळा प्रतीतच लिहिलेली सापडतात. हे त्या काळात दुर्मीळ. दहाव्या शतकातल्या माइउसनं आपला हेतूही लिहून ठेवलाय : जाणत्यांनी येणाऱ्या न्यायनिवाड्याची धास्ती घ्यावी. तो ९६८मध्ये वारला. त्याचं अर्धवट राहिलेलं काम ताबारा मठातल्या एमेतेरिउस या शिष्यानं ९७०मध्ये पुरं केलं. ९७५च्या खिरोना प्रतीवर त्याच्याबरोबर एन्दे या स्त्रीचं नाव चित्रकार म्हणून आहे. मुलांना चित्र दाखवताना हे जरूर सांगा.

चित्र सुती कागदावर पिगमेंट शाईनं छापलेलं आहे. थेट ऊन येणारी किंवा पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा. फ्रेम करताना काच चित्राला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा. लॅमिनेशन तर नकोच. कागद वाहतुकीत चुरगळला असेल किंवा मूळ चित्रात नसलेला शाईचा ओघळ दिसला, तर चित्र विनाशुल्क बदलून मिळेल. मूळ पानाचा फोटो दुकानात ठेवलेला आहे, तो समोर धरून दोघं मिळून पाहू.