आतड्याचा दाह आणि पथ्य: शंभर वर्षांत काय काय वर्ज्य झालं

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दीर्घकाळच्या दाहाच्या आजारांचं निदान झालं की घरात पथ्याच्या याद्या जमू लागतात. एकीत दूध बंद, दुसरीत गहू बंद, तिसरीत कांदा-लसूण बंद. या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, कारण त्या निरनिराळ्या काळात आणि बऱ्याचदा निरनिराळ्या आजारांसाठी तयार झाल्या.

पहिला धागा सीलिॲक आजाराचा, म्हणजे आतड्याला इजा होऊन अन्न नीट न शोषलं जाण्याचा. लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये लिहून ठेवलं की या आजाराचं मूल बरं व्हायचंच असेल तर आहारानेच होईल. कोणत्या आहाराने, हे त्यांना सापडलं नाही. त्यांच्या एका रुग्णाला रोज लिटरभर मापाचे डच शिंपले खाऊ घातले तेव्हा ते मूल छान सुधारलं. शिंपल्यांचा हंगाम सरला आणि दुखणं परत आलं.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार मांडला. त्यांच्याकडच्या दहा मुलांपैकी आठ जणांना केळी दिली, ती सुधारली. न दिलेली दोघं दगावली. उपाय लागू पडला, निष्कर्ष मात्र चुकला. पाव, बिस्किटं, पिठाचे पदार्थ ताटातून गेले म्हणून मुलं सुधारली होती. हास यांना वाटलं, गुण केळ्याचा आहे आणि मूल एकदा बरं झालं की त्याला सगळं चालेल. मग पाव परत आला, आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या मुलांच्या आतड्याचं नुकसान आत चालूच राहिलं.

नेदरलँड्सच्या विलेम-कारेल डिके यांचा गव्हावरचा संशय १९३०च्या दशकातला. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले, पाव मिळेनासा झाला, आणि सीलिॲकची मुलं उलट सुधारली, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. खरं वजन आहे ते त्यानंतरच्या कंटाळवाण्या कामाला. डिके यांनी गहू काढला, परत दिला, पुन्हा काढला, आणि दर वेळी शौचातली चरबी मोजली. मोजायची पद्धत रसायनतज्ज्ञ व्हॅन डे कामर यांची. १९५० साली डिके यांचा प्रबंध आला आणि गव्हावर आरोप सिद्ध झाला.

त्या कामातली एक गोष्ट आजही वारंवार विसरली जाते. गहू आधी बंद करून मग तपासणी केली, तर रक्तातल्या प्रतिद्रव्यांची तपासणी आणि बायोप्सी (आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणं) दोन्ही फसव्या येऊ शकतात. तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज एकाहून जास्त जेवणांत गहू असावा लागतो. निदान पक्कं झालं की मात्र सूट नाही: ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणजे ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिन किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच. आपल्या स्वयंपाकघरात ही मर्यादा दोन ठिकाणी हटकून ओलांडली जाते. डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आणि ज्वारी कितीही निवडून नेली, तरी गिरणीत आधी गहू दळलेला असेल तर भाकरीत तो येतोच. उपासाच्या राजगिऱ्याच्या पिठालाही हेच लागू.

क्रोन्सचा आजार १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातून नोंदला गेला. इथे गव्हासारखा एकच गुन्हेगार नाही, म्हणून पथ्याची वाटही वेगळी पडली. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये २१ रुग्णांवर चाचणी झाली: चार आठवडे नेहमीचं अन्न बंद, फक्त अमिनो आम्लांचं द्रव अन्न. गुण प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडइतकाच आला. पण जन्मभर असल्या बेचव द्रवावर राहणार कोण?

उत्तर केंब्रिजच्या गटाने शोधलं. द्रव अन्नावर आजार निवला की रोज एकच नवा पदार्थ द्यायचा, त्रास झाला तर तो वगळायचा. १९८५च्या त्यांच्या छोट्या चाचणीत सहा महिन्यांनंतर वर्ज्य आहारावरच्या दहापैकी सात जण बरे होते. भरपूर चोथ्याच्या आहारावरच्या दहांपैकी एकही नाही. १९९३च्या मोठ्या चाचणीत १३६ रुग्ण होते. आजार निवलेल्यांत पथ्यावर तो सरासरी (मध्यक) साडेसात महिने शांत राहिला, स्टेरॉइडवर ३.८ महिने. न सोसणाऱ्यांत धान्यं, दुधाचे पदार्थ आणि यीस्ट पुढे होते. हे आकडे आवडीने सांगितले जातात, पण आधी वाचावा असा आकडा ४३ आहे: एवढ्या जणांनी द्रव अन्नच अर्ध्यात सोडलं.

कांदा-लसणाची यादी सर्वांत तरुण. २००५ मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या गिब्सन आणि शेपर्ड यांनी ‘फॉडमॅप’ ही कल्पना मांडली, तीही क्रोन्सच्या संदर्भातच. नीट न शोषल्या जाणाऱ्या साखरा मोठ्या आतड्यात आंबतात, पाणी ओढतात, वायू धरतो. पुढे ही यादी आयबीएसमध्ये, म्हणजे दाह नसताना पोट बिघडत राहण्याच्या दुखण्यात, जास्त उपयोगी ठरली. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०२० मध्ये आजार शांत असलेल्या, तरीही पोट त्रास देणाऱ्या ५२ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांवर ती चार आठवडे वापरली. ५२ टक्क्यांना पुरेसा आराम वाटला, तुलनेच्या गटात १६ टक्क्यांना. दाहाची मापं मात्र दोन्ही गटांत सारखीच, आणि उपयुक्त बायफिडोबॅक्टेरिया जिवाणू घटलेले. म्हणजे फुगारा गेला तरी दाह असू शकतो. तो बघायला शौचातलं कॅलप्रोटेक्टिन हे दाह दाखवणारं प्रथिन तपासावं लागतं.

या पथ्यात वगळण्याचा काळ दोन ते सहा आठवडे, तेवढाच. खरी मेहनत पदार्थ परत घेण्यात आहे आणि लोक नेमके तिथे चुकतात. दूध तपासायचं तर पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक कप. बाकी जेवण जसंच्या तसं. त्रास झाला तर थांबायचं आणि पोट शांत होईपर्यंत दुसरं काही तपासायचं नाही. दूध चहातून, सोबत बिस्किट घेऊन तपासलं तर दोष दुधाचा की गव्हाचा, कळणार नाही. कांदा भज्यांमधून तपासणं तर वायाच: बेसन स्वतःच वातूळ, वर तेल. लसणातली फ्रुक्टान ही साखर पाण्यात उतरते, तेलात नाही. म्हणून फोडणीत लसूण परतून काढून टाकला तर चव मिळते आणि त्रास टळतो. तोच लसूण आमटीत उकळून मग काढला तर उपयोग नाही. गहू न सोसणाऱ्या कित्येकांना ग्लुटेनची नव्हे, याच फ्रुक्टानची अडचण असते. दही कधी सोसतं, दूध नाही, याचं कारण विरजणात लॅक्टोज ही दुधातली साखर घटते. चक्का बांधला की पाण्याबरोबर आणखी जाते.

आणि केळं परत आलं. इस्रायलच्या ॲरी लेव्हिन यांच्या गटाने २०१९ मध्ये क्रोन्सच्या ७८ मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. पहिले सहा आठवडे निम्मे उष्मांक द्रव अन्नातून, पुढचे सहा आठवडे एक चतुर्थांश; सुरुवातीच्या जेवणात रोज दोन केळी, एक सफरचंद, दोन बटाटे, दोन अंडी आणि कोंबडीच्या छातीचं मांस सक्तीचं. बाराव्या आठवड्यात स्टेरॉइडविना आजार शांत असलेली मुलं ७५.६ टक्के, निव्वळ द्रव अन्नाने सुरुवात केलेल्या गटात ४५.१ टक्के. शाकाहारी घरात अंडी-कोंबडीऐवजी डाळ किंवा पनीर घातलं की तो चाचणीतला आहार राहत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात डाळ आणि पनीर दोन्ही वर्ज्यच आहेत.

हास यांच्या केळ्यांच्या आहारातूनच पुढे ‘स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट’ निघालं. त्यात सगळी धान्यं, बटाटा आणि साखर बंद. दही चालतं, पण २४ तास विरजलेलं. अमेरिकेत क्रोन्सच्या १९४ प्रौढांवर त्याची तुलना धान्य, कडधान्य, भाज्या, मासे चालणाऱ्या भूमध्य समुद्राकाठच्या आहाराशी केली गेली. २०२१ मध्ये निकाल आला: सहा आठवड्यांनी लक्षणं शमलेले ४६.५ आणि ४३.५ टक्के, म्हणजे फरक नाही म्हणण्याइतकाच.